मुलं, माती आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'मुलांना कला शिकवण्याचा अनुभव' या विषयावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी आधी हात झटकले. मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. स्मरणचित्रात आठवडी बाजार काढायचा होता. मला चेहरे जमत नसत, म्हणून माझ्या बाजारातली यच्चयावत माणसं पाठमोरी उभी होती. कसाबसा पास झालो. पोटासाठी मी सिरॅमिक्समध्ये संशोधन करतो, डॉक्टरेटही त्यातलीच. पण गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी दोन तास, आपल्या मराठी शाळेला जोडून, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचा मातीकामाचा वर्ग घेतो आहे. त्यात मी काय चुकलो, एवढंच आज सांगू शकेन.

पहिल्या वर्षी मी तो वर्ग प्रयोगशाळेसारखा चालवला. टेबलावर नमुन्याचा हत्ती. प्रत्येकाला मोजून तेवढीच माती. पायरी एक, पायरी दोन. ज्याची सोंड वाकडी होई त्याची मी सरळ करून देई. शेवटच्या दिवशी बारा हत्ती ओळीने मांडले. पालक खूश, फोटो झाले. तेवढ्यात सात वर्षांची एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "काका, यातला माझा कुठला?" मी पाहिलं. मलाही सांगता येईना. बारा मुलं बारा तऱ्हेची, आणि हत्ती सगळे माझे.

मग थोडं वाचन केलं. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेले शिक्षणतज्ज्ञ. १९४७ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या वाढीच्या अवस्था मांडल्या आहेत. तयार चित्रात रंग भरायच्या पुस्तकांचे ते कडवे विरोधक होते. मुलाला स्वतःचं जे सुचलं असतं, त्यावरचा त्याचा भरवसा अशा पुस्तकांनी जातो, असं त्यांचं म्हणणं. माझा हत्ती म्हणजे तेच पुस्तक, फक्त मातीचं.

दुसऱ्या वर्षापासून नमुना बंद केला. पहिली वीस मिनिटं मुलं माती नुसती बडवतात, चिरडतात, एकमेकांना दाखवतात. त्यात घाई करायची नाही, हे शिकायला मला वर्ष गेलं. एक मुलगा सलग तीन रविवार फक्त भोकं पाडत होता. त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भोकं पाडायचे पैसे भरतो का आम्ही?" त्या भोकांतून त्याला काय मिळालं ते मला आजही सांगता येणार नाही. पण शाळेतून ज्याच्याबद्दल 'लक्ष टिकत नाही' अशी चिठ्ठी आली होती, तो तीन रविवार जागचा हलला नव्हता.

आता थोडं मागे जातो, कारण माती माझ्या आयुष्यात डॉक्टरेटच्या आधीपासून आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या वाटेवर कुंभारवाडा होता. त्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचं नाव सांगत नाही. कच्चं मडकं गालाला लावून ते आव्यात घालण्याइतकं वाळलं की नाही, हे तो सांगायचा. गार लागलं तर आत ओल आहे. भाजलेल्या मडक्यावर बोटाने टिचकी मारून, त्याला केसाएवढी चीर असली तरी ओळखायचा. मातीत राख आणि लीद किती घालायची, हे त्याला आजीने शिकवलं होतं. शाळेत मात्र तो 'ढ' होता, मागच्या बाकावरचा. नववीनंतर दिसला नाही. एकदा मी त्याच्या चाकावर बसलो. घरी कळल्यावर आई म्हणाली, "शिकून काय मडकी घडवायची आहेत?" मारलं नाही, पण अंगणातच हातपाय धुवायला लावले. तेव्हा वाटलं, चिखलामुळे. फक्त चिखलामुळे नव्हतं, हे बऱ्याच उशिरा कळलं.

पुढे विद्यापीठात शिकलो की गाल गार लागतो तो बाष्पीभवनामुळे, आणि टिचकीच्या आवाजावरून तडा ओळखणं ही रीतसर चाचणी आहे. गोरा कुंभार थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण कच्चं ते सांगतात, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. चमत्काराचा भाग सोडा. ती गोष्ट रचणाऱ्याला कुंभाराची परीक्षा नेमकी ठाऊक होती. मला सूत्रं येतात, त्या मुलाला येत नव्हती, हे खरं. पण आमच्या दोघांच्या ज्ञानाला मिळालेल्या किमतीत जो फरक पडला, तो सूत्रांचा नव्हता.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं, अशी मागणी आहे. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आजूबाजूच्या पाना-बियांतून बालवाडी उभी केली. आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन मुलांसमोर बसले. हे सगळं आपल्याला पाठ आहे, आपण त्यावर परिसंवादही घेतो. आणि घरी येऊन मुलाला म्हणतो, "कपडे खराब करू नकोस."

दुसऱ्यांना नावं ठेवत नाही. आता माझीच गोष्ट सांगतो.

चौथ्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. हवा दमट होती, माती वाळेना. पालकांचे फोन सुरू झाले. मी वस्तू गालाला लावून पाहिल्या. काही गार होत्या. तरीही भट्टीत ठेवल्या. शंभर अंशांच्या वर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की माती फुटते, हे मी व्यवसाय म्हणून जाणतो. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर अकरापैकी चार वस्तूंचे तुकडे, आणि ते तुकडे लागून आणखी एकीचा कान गेलेला.

एक मुलगा रडला. त्याची आई म्हणाली, "जाऊ दे रे, आपण दुकानातून छान आणू." त्यावर तो आणखी रडला. मी मुलांना खरं सांगितलं: ओल होती, मला माहीत होतं, तरी मी घाई केली. मग तुकडे टेबलावर पसरले. मुलांनीच ते जुळवले आणि जाडी पाहिली. बोटाहून जाड होतं ते फुटलं, पोकळ होतं ते टिकलं. फुटकी कासवं त्यांनी प्रदर्शनात तशीच मांडली. तेव्हापासून गालाचा नियम मुलंच पाळतात, आणि मी घाई केली तर मला अडवतात.

२०२० साली वर्ग बंद पडला. महामारीत माती घरोघर पोचवणं शक्य नव्हतं, म्हणून झूमवर कणीक मळायला सांगितली. निम्म्या मुलग्यांनी आयुष्यात पहिल्यांदा परातीत हात घातला. एका घरातून आजीचा आवाज आला, "मुलगा कणीक मळतोय, बघा!" कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही. आणि मीही तेव्हाच पहिल्यांदा मळत होतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर.

कुणाला असा वर्ग सुरू करायचा असेल तर चार व्यावहारिक गोष्टी सांगतो.

नमुना ठेवू नका. मुलाच्या वस्तूला आपलं बोट लावायचं नाही, मागितली तर मदत आपल्या वेगळ्या गोळ्यावर दाखवायची.

"हे काय आहे?" असं विचारू नका. "हे कसं केलंस?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल घाबरतं, दुसऱ्याने बोलायला लागतं, आणि आपल्याकडे मराठीतून बोलतं.

प्लास्टर ऑफ पॅरिस लहान मुलांच्या हाती देऊ नका. ते घट्ट होताना तापतं. हात त्यात राहिला तर गंभीर भाजू शकतं. आणि वाळलेली माती झाडूने उडवू नका. त्या धुळीत सिलिका असते. ओल्या फडक्याने पुसा.

चौथी गोष्ट मला सर्वांत अवघड गेली. शेवटची वीस मिनिटं आवरण्याची, आणि ते मुलांनीच करायचं. टेबल, बादल्या, फडकी, सगळं. पालक दारात येऊन घाईने फडकं हातात घेतात, त्यांना मी थांबवतो. घडवणारा एक आणि पुसणारा दुसरा, ही वाटणी आपण देशातून बरोबर घेऊन आलो आहोत. ती कुणाच्या वाट्याला आली आणि का, हे इथे कुणाला सांगायला नको.

त्या वर्गमित्राचा मी दोनदा शोध घेतला. कुंभारवाड्याच्या जागी आता दुकानांची ओळ आहे. तो पुण्याकडे गेला असं कळलं, त्यापुढे नाही. भेटला तर काय बोलेन, हे अजून ठरलेलं नाही.

पुढच्या महिन्यापासून नवी तुकडी सुरू होते आहे. मला दोन मदतनीस हवे आहेत. कलेचं ज्ञान नसलं तरी चालेल. जुने कपडे घालून या, आणि नखं कापून या.