जपानी बुलबुल आणि वरातींतला बँजो

तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळांत जें तुणतुणें वाजतें, त्याला तार एकच. सूर धरून ठेवणें हेंच तिचें काम. परंतु त्याच धाराशिव जिल्ह्यांत लग्नाच्या वरातीपुढें ताशांच्या कडकडाटांतून जो खणखणीत तारस्वर उंच चढतो, तो निराळ्या वाद्याचा. लोक त्यास बँजो म्हणतात. अमेरिकेंतील बँजोवर कातडें ताणलेलें असतें, ह्यावर तें नसतें. नांवापलीकडे उभयतांचें नातें नाहीं. जुन्या घरांतून जो बुलबुलतरंग असे, तोच हा, विजेचा साज चढवून रस्त्यावर आलेला.

त्याचें जन्मस्थान जपानांतील नागोया शहर. १९१२ सालीं मोरिता गोरो ह्यानें दोन तारांच्या एका जपानी वाद्यास टंकलेखनयंत्राच्या धर्तीवर कळा बसविल्या. तैशो सम्राटाची कारकीर्द त्याच वर्षीं सुरू झाली, म्हणून वाद्याचें नांव तैशोगोतो पडलें. पुढें तें हिंदुस्थानांत आलें, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही गेलें, आणि जेथें गेलें तेथल्या गाण्याचें झालें.

माळ्यावरून असें एखादें जुनें वाद्य खालीं निघालें, म्हणजे पहिला मोह होतो तो सारें बदलून टाकण्याचा. तो आवरावा. गंजलेल्या तारा, मऊ पडलेल्या स्प्रिंगा, सैल खुंट्या हीं झिजणारींच अंगें आहेत. तीं खुशाल नवीं घालावींत. लाकडी पेटी व पडद्यांची जागा ह्यांची गोष्ट वेगळी. पेटीला चीर गेली असेल तर ती सरसानें सांधावी. परंतु चकाकी हवी म्हणून तिच्यावर जाड रोगणाचे थर चढविले, तर तिचा नाद कोंडतो.

खरें कसब आहे तें घोडीपाशीं. कळ दाबतांच तार पडद्यावर टेकते व तिची बोलणारी लांबी कमी होते. ती निम्मी झाली कीं वरचा षड्ज मिळावा, असा हिशेब. पण दाबल्यानें तार किंचित् ताणलीही जाते आणि स्वर चढा लागतो. म्हणून घोडी मोजल्या जागेहून केसभर मागें सरकवावी, वरचा षड्ज पुन्हां ऐकावा, पुन्हां सरकवावी. ह्या कामीं उतावळेपणा चालत नाहीं. पडदे घासून एका पातळींत न आणतां जो घोडीशीं झगडतो, त्याचा सारा दिवस वायां जातो.

आतां विजेचा भाग. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. त्यास पिकप म्हणतात. वर पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें, वेढ्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत विजेची गिटार बाजारांत आली, ती ह्याच तत्त्वावर. पितळी तार मात्र ह्या चुंबकापुढें मुकी राहते. तेव्हां तारा पोलादीच हव्यात.

कळांच्या वाद्यांत मींड व श्रुति ह्यांना वाव थोडा, हा आक्षेप जुना आहे. त्याच आक्षेपापायीं नभोवाणीनें १९४० पासून तीन दशकें हार्मोनियम दूर ठेवला होता. वरातीनें असला विचार केला नाहीं, हें बरेंच झालें. तिनें ह्या नाजूक वाद्याला मोठा आवाज दिला, आणि ज्यांच्या घरीं गवई कधीं आला नव्हता अशा कित्येक तरुणांच्या हातीं चरितार्थाचें साधन दिलें. आज डीजेच्या कर्ण्यांपुढें तेंच साधन धोक्यांत आहे. आणि त्यांच्याशीं चढाओढ करावयाची म्हणून जुन्या पेट्या कोरून, त्यांत मोठाले पिकप ठोकून बसविण्याचा मोह वाढतो. एकदां कोरलेली पेटी पुन्हां भरून येत नाहीं.

त्यापेक्षां पिकप पातळ पट्टीवर बसवून ती पट्टी तारांखालीं, घोडीजवळ, सुटी ठेवावी. १४ आणे काम तेवढ्यानें होतें. सन २००० च्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. अशा वेळीं पट्टी काढून ठेवली, कीं तेंच वाद्य घराच्या ओसरीवर आपल्या मूळच्या, बारीक आवाजांत बोलूं लागतें.