घास अडतो तेव्हा
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



कॅन्सर कसा ओळखायचा, हे आपण गावोगाव सांगतो. पण उपचार संपवून घरी आलेली बाई जेवते कशी, हे विचारायचं राहून जातं. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

मिश्री आणि तंबाखू ही तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरची मोठी कारणं. त्यावर रेडिएशन देतात, ज्याला आपल्या बायका 'शेक' म्हणतात. शेकाने गाठ जळते, पण कधी कधी आतला भाग व्रण धरून कडक होतो आणि अन्नाची वाट अरुंद होते. हे काही महिन्यांनी, काही वर्षांनीही होतं. आधी भाकरी अडते, मग भात, शेवटी पाणीसुद्धा.

हे घरात कुणाला कळत नाही, कारण बाई सगळ्यांच्या मागून जेवते. ती भाकरी सोडते, चहावर दिवस काढते. कुणी म्हणतं, नखरे करते. तीही म्हणते, जीव वाचला हेच खूप.

पण यावर उपचार आहे. आधी दुर्बिणीने तपासावं लागतं, कारण आजार उलटलेलाही असू शकतो. नुसतीच वाट अरुंद झाली असेल, तर वाढत्या जाडीच्या लवचिक नळ्या किंवा फुगा घालून ती हळूहळू रुंद करतात. हे बहुधा एका वेळेत होत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यानंतर छातीत किंवा मानेत जोराचं दुखलं, ताप आला, धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठायचा. नळीला इजा क्वचित होते, पण ती जिवावर बेतू शकते.

गिळण्याचे व्यायामही असतात. ते स्पीच थेरपिस्ट शिकवतात. शेक चालू असतानाच ते विचारून घ्यावेत. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडं थोडं गिळत राहावं. गिळणं बंद पडलं की स्नायू दुबळे होतात. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल तर तेही सांगायला हवं, कारण अन्नपाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

आपल्या मंडळांनी काय करायचं? अशा बाईला तीन प्रश्न विचारा: जेवायला किती वेळ लागतो? काय खायचं सोडलंस? वजन उतरलं का? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाई जात नाही, कारण रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं आणि सोबत कुणी नसतं. तेव्हा सोबतीच्या पाळ्या लावा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मदतीची चौकशी करा. आणि घरच्यांना सांगा, मऊ खिचडी, घट्ट वरण, दुधात कुस्करलेली भाकरी तिला आधी वाढा. ताठ बसून, सावकाश जेवू द्या.

बाई जगली, एवढ्यावर आपण थांबायचं नाही. तिला पोटभर जेवता आलं पाहिजे.