पहिली तारीख



अर्ज दाखल झाला की पक्षकार पहिल्यांदा विचारतात, "मॅडम, तारीख कधीची पडली?" आणि तारीख कळली की लगेच पुढचं, "त्या दिवशी जज्जसाहेब माझं सगळं ऐकून घेतील ना?" बहुधा नाही घेणार. पहिल्या तारखेला साक्ष होत नाही, निकाल तर नाहीच नाही. पुकारा होतो, दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुढची तारीख घ्यायची. एवढ्यासाठी रजा टाकून, एसटीनं येऊन दिवस घालवलेला माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं मला चुकीचं वाटत नाही. तरीही तो दिवस चुकवू नये, असं मी सांगते.

त्या दिवशी न्यायालय आधी एकच गोष्ट बघतं: समोरच्यावर नोटीस बजावली गेली का? बेलिफ जातो, दाराला कुलूप असतं, किंवा घरातलेच सांगतात, "तो इथं राहत नाही." पाकीट परत येतं, पुढची तारीख पडते. म्हणून अर्ज करताना पत्ता पुरा द्या. घराचा द्या, नोकरीच्या ठिकाणचा द्या, मोबाइल नंबर द्या, शेजारची खूण लिहा. वकिलाची फी ठरवताना आपण तासभर बोलतो, पत्त्यासाठी एक ओळ!

आता नोटीस ज्याला येते त्याच्याबद्दल. काही जण पोस्टमनबरोबर पाकीट परत पाठवतात आणि आपण सुटलो असं समजतात. नोटीस घ्यायला नकार दिला, तर ती बजावली गेली असंच न्यायालय धरू शकतं. मग गैरहजेरीत प्रकरण एकतर्फी चालतं, आणि तसा आदेश रद्द करून घेण्यासाठी नंतर वेगळा अर्ज, वेगळी धावपळ. त्यापेक्षा पहिल्याच तारखेला हजर राहावं आणि आपलं लेखी म्हणणं देण्यासाठी मुदत मागावी. मुदत सहसा मिळते.

पहिली तारीख किती दिवसांत असावी, हे एका कायद्यानं चक्क लिहून ठेवलं आहे. तो म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा. अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे ३ दिवसांच्या आत पहिली सुनावणी ठेवावी, संरक्षण अधिकाऱ्यानं नोटीस २ दिवसांत बजावावी, आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं त्यात आहे. हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. प्रत्यक्षात हे ३ दिवस किती पाळले जातात, ते कोर्टाच्या चकरा मारणाऱ्या बाईलाच विचारा. पण कलम आहे, ते वकिलानं बोलून दाखवलंच पाहिजे. धोका मोठा असेल, तर समोरचा हजर होण्याआधीही अंतरिम आदेश मागता येतो.

कौटुंबिक न्यायालयाची तऱ्हा वेगळी. १९८४ च्या कायद्यानं आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावरच टाकली आहे. म्हणून सुरुवातीच्याच एखाद्या तारखेला तुम्हाला विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथं नवरा-बायकोनं बोलायचं असतं, काका-मामांनी नव्हे. "काउन्सिलरनं मला नांदायला पाठवायचं ठरवलंय" अशी भीती अनेकींना असते. तसं कुणी जबरदस्तीनं करू शकत नाही. मुलं कुणाकडे, भेटी कधी, दागिने कुणाचे, हे प्रश्नही तिथं सुटू शकतात. याच कायद्यात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून ठेवलेला नाही, परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात ती मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पोटगीचं प्रकरण असेल तर कागद आधीच जमवायला लागा. नागपूरच्या एका दांपत्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२० साली त्या निकालानं देशभरासाठी ठरवून दिलं की दोघांनीही आपलं उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची. पगारपत्रक, बँकेचं पासबुक, घरभाड्याची पावती, मुलांच्या शाळेची फी, असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा. समोरचा पगार लपवत असेल तर तुमच्या हातातला जुना कागदही कामाला येतो.

आणि लहान मुलांना, न्यायालयानं बोलावलं नसेल तर, आणू नका. त्या व्हरांड्यात आई-बाबा एकमेकांना टाळून दोन टोकांना बसलेले असतात, ते त्यांनी कशाला बघायचं?

बाहेर पडण्याआधी लिपिकाला पुढची तारीख आणि ती कशासाठी ठेवली आहे, हे विचारून लिहून घ्या. प्रकरणाचा, अक्षरं आणि अंक मिळून १६ जागांचा, सीएनआर क्रमांकही मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात, आणि "वकीलसाहेब फोन उचलत नाहीत" ही तक्रार थोडी तरी कमी होते.