छपरीतली जीप



आमचे सौंदड गाव सडक अर्जुनी तालुक्यात, मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या महामार्गावर आहे. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ झाला आहे. रस्त्यावर रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ असते. आमच्या मोठ्या बाबांच्या घरामागच्या छपरीत मात्र एक गाडी बावीस वर्षे जागची हललेली नव्हती. तिच्या टपावर धानाचा तणस रचलेला, मागच्या बाकावर कोंबड्या अंड्यावर बसत, आणि एका बाजूला भिंतीपलीकडे बैलांचा गोठा. ती गाडी म्हणजे १९६८ सालची पेट्रोलवर चालणारी जीप. ती घरच्या घरी पुन्हा उभी करावी असे मागल्या दिवाळीनंतर, मंडईचे दिवस सरल्यावर, मी मनावर घेतले. जीप अजून चालू झालेली नाही हे आधीच सांगून टाकतो. या कामाची सुरुवात कशी करावी आणि कशी करू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

हौशी लोकांत जुन्या गाड्यांचे पुष्कळ प्रकार आहेत. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून जीटीओ नावाची गाडी काढली. तशा दांडग्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात, आणि त्या गंजलेल्या अवस्थेत आणून अंगणात दुरुस्त करणे हा तिकडे मोठा छंद आहे. आपल्याकडे तसल्या गाड्या कोण आणणार? आपली दांडगी गाडी म्हणजे जीपच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीने ती लष्करासाठी बनवली. १९४५ साली लुधियानात सुरू झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली. या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपचे सुटे भाग आणून येथे त्या जोडण्यास सुरुवात केली. आमची जीप उंच बॉनेटची आहे. तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये असतात; त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे. मोठ्या बाबांनी ती एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. नवेगाव बांधकडच्या जंगलातल्या वाटांवर ती चिखलातून बैलाच्या ताकदीने निघे असे ते सांगतात. त्यांचे वय आज चौऱ्याऐंशी आहे. त्यांचे म्हणणे एकच, की मंडईला एकदा तिच्यात बसून जायचे.

आता माझी पहिली चूक सांगतो. पहिल्याच रविवारी मी पाना घेऊन जीपला भिडलो. पाना मिलिमीटरचा आणि जीपचे नटबोल्ट इंची मापाचे. पाना सैल बसला, दोन बोल्टांचे कोपरे गेले, आणि पाण्याच्या पंपाचा एक बोल्ट जोर लावताच मधूनच तुटला. अर्धा बोल्ट आतच राहिला. तो काढायला पुढे तीन दिवस गेले. तुटलेला तुकडा मी एका रिकाम्या डब्यात टाकला आणि डब्यावर ‘क्रमांक १’ असे लिहिले. तो डबा अजून फळीवर आहे.

त्यानंतर पंधरा दिवस मी पान्याला हात लावला नाही. फक्त पाहिले आणि लिहिले. शाळेतली एक कोरी वही घेतली. गाडीचे सर्व बाजूंनी फोटो घेतले. तारा कुठून कुठे जातात, कोणता पाइप कोणत्या बाजूने वळला आहे, कोणत्या बोल्टाखाली वायसर आहे, हे काढण्याआधी टिपून ठेवले. उंदरांनी कुरतडलेल्या तारांवरही कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. काढलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टावर फिरवून ठेवायचा आणि एका भागाचे सामान एका डब्यात ठेवायचे, असा नियम केला. हे कंटाळवाणे काम आहे खरे. पण गावोगावी मी अशा गाड्या पाहिल्या आहेत, ज्या हौसेने चार दिवसांत पूर्ण सुट्या केल्या गेल्या आणि मग पोत्यांत भरून कायमच्या पडून राहिल्या. गंजाने जेवढ्या गाड्या गेल्या, तेवढ्याच या पोत्यांनी गेल्या असाव्यात असे मला वाटते.

गंजाला आमच्याकडे जंग म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींना त्याचे शास्त्र नव्याने सांगायला नको. तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून आपण मुलांना दाखवतोच, की नुसती कोरडी हवा किंवा हवा काढलेले नुसते पाणी खिळ्याला गंज चढवत नाही. दोन्ही एकत्र लागतात. पाण्यात क्षार असले की काम आणखी लवकर होते. आमच्या जीपने हाच प्रयोग मोठ्या आकारात करून दाखवला. तणसाकडची उजवी बाजू बरी होती. गोठ्याकडची डावी बाजू मात्र पोखरलेली, कारण बैलांच्या मुताचा ओलावा भिंतीखालून येई आणि त्यात क्षार असतात. शिवाय लोखंडाचा गंज झाला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतील तर मधला गंज फुगून त्यांना उचकटतो. म्हणून वरून रंगाचा फुगा दिसला की आत खड्डा आहे असे समजावे. मुलांना मी एका सुट्टीच्या दिवशी जीपभोवती उभे केले आणि विचारले, डावी बाजू का गेली? उत्तर मिळायला पाच मिनिटे लागली, पण ते त्यांनीच दिले.

पत्रा गेला तर पत्रा बदलता येतो. खरा प्रश्न चेसिसचा, म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर सगळी गाडी उभी असते त्यांचा. चेसिस गेली असेल तर घरच्या दुरुस्तीचा नाद सोडावा, असे मी आधीच ठरवले होते. तपासणीची रीत साधी आहे. आधी चिखल आणि पोपडे खरवडून काढावेत, मग हातोडीने हळूहळू ठोकत जावे. बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो तसेच हे. निकोप लोखंड खणखणते, पोखरलेले भद्द वाजते. जेथे भद्द वाजेल तेथे टोच्याने दाबून पाहावे. कमानी जेथे टांगलेल्या असतात तेथे आणि अगदी मागच्या आडव्या पट्टीत चिखल साचतो. तेथे अधिक बारकाईने पाहावे. आमच्या जीपची चेसिस डाव्या मागच्या कमानीपाशी वीतभर लांब भद्द वाजली आणि टोचा आत गेला. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी चेसिस वाकली आहे का ते पाहिले. ओळंबा सोडून कमानींच्या चार बोल्टांच्या खुणा जमिनीवर घेतल्या आणि समोरासमोरचे कोपरे दोरीने मोजले. आयताचे कर्ण सारखे असतात हे आपण फळ्यावर शिकवतो. येथे त्याचा उपयोग झाला. दोन्ही कर्णांत एका सुताचा फरक निघाला, म्हणजे चेसिस सरळ आहे. वीतभर तुकडा कापून त्याच जाडीचे लोखंड जोडता येईल असे मिस्त्रींनी सांगितले. त्यावर त्यांनी आणखी एक सल्ला दिला : “गुरुजी, याले डिझेलचं इंजिन टाकून द्या आन् मोकळे व्हा.” असे पुष्कळांनी केले आहे, आणि रोजच्या कामाला ते स्वस्तही पडते. मी नाही म्हटले. मोठ्या बाबांना जो आवाज ऐकायचा आहे तो या इंजिनाचा आहे. आणि कागदांचाही प्रश्न होता.

कागद हा विषय रुक्ष आहे, पण खर्च करण्याआधी तो मिटवावा. आमच्या पुस्तकावर भंडारा जिल्ह्याचे नाव आहे, कारण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झाली असून चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल नसेल, तर गाडीला व्हिंटेज म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. पण अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची मिरवणूक, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. मंडईला जायचे म्हटले तर ती सोय नाही. म्हणून आम्ही साध्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे ठरवले. त्यासाठी गाडी तपासणीला उभी राहिली पाहिजे, म्हणजे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग सगळे ठीक हवे. आपल्या गाडीचे काय होईल ते आपापल्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. लिलावाची पावती मोठ्या बाबांनी ट्रंकेत जपून ठेवली होती म्हणून आमचे निभावले.

जोखमीच्या गोष्टी दोन-तीन आहेत. जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते. वेल्डिंग करण्यापूर्वी ती काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी निर्धास्त असते असे समजू नये. उलट आत वाफ साचून ती भडकण्याचे भय अधिक. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ब्रेकच्या ड्रममधली भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. जुना रंग घासताना तोंडाला मास्क बांधावा, त्यात शिसे असू शकते. लहान भागांचा गंज काढण्यास धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतात. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडावा. हे उघड्यावर करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टीलचा चमचा किंवा ताटली मात्र लावू नये. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात.

कामाचा क्रम आम्ही असा धरला आहे : आधी चेसिस, मग चाके आणि ब्रेक, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. गावातल्या पुष्कळांना तो उलटा वाटतो. रोज कोणीतरी येऊन विचारतो, रंग कोणता देणार? चेसिसचा वीतभर तुकडा माघातच जोडून झाला. ब्रेकचे जुने रबर सगळे कडक झाले होते, ते नवे आणले. उन्हाळ्यात छपरीवर नवे पत्रे टाकले आणि गोठ्याच्या बाजूला विटांचा ओटा घातला. रोवणी सुरू झाली की मला आणि मिस्त्रींना दोघांनाही वेळ नसतो, आणि पावसात उघडे लोखंड ठेवणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे. म्हणून खरवडलेल्या प्रत्येक भागाला त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, दुसऱ्या दिवसावर ठेवायचे नाही.

इंजिनाला या क्रमात अजून वेळ आहे, पण ते जाम आहे की नाही एवढे तरी कळावे असे मोठ्या बाबांना वाटे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतले. वर फडकी कोंबली आणि आठ दिवस तसेच ठेवले. नवव्या दिवशी गिअर न्यूट्रल करून समोरून हँडल लावले. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा आवळू नये. चालू इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. प्लग काढलेले असल्याने त्या दिवशी ते भय नव्हते, पण सवय चांगली. पहिल्यांदा हँडल हलले नाही. पुन्हा तेल घातले, आणखी चार दिवस थांबलो. मोठे बाबा अंगणातल्या खाटेवर बसून होते. मी हँडलावर भार दिला, सोडला, पुन्हा दिला. आत कुठेतरी बारीकसा कट्ट आवाज झाला आणि हँडल दोन बोटे खाली गेले.

“सुटलं का जी?” मोठ्या बाबांनी विचारले.

“दोन बोटं सुटलं,” मी म्हणालो.

त्यांनी खाटेवरून उठून काठी घेतली, जीपजवळ आले, आणि म्हणाले, “होऊ दे. मी बसतो येथंच.”