उदगीरच्या किल्ल्यातलं भूत

इयरफोन लावले ना? बऱ्याच जणांनी मेसेज करून एकच विचारलंय, "दादा, उदगीरच्या किल्ल्यात भूत आहे का?"

रात्री घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट... ही गोष्ट कुठल्याही किल्ल्याच्या नावावर खपते. मी आज घडलेली गोष्ट सांगतो. ती जास्त अंगावर येते.

लातूर जिल्ह्यातलं उदगीर. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आत उदागीर बाबांची समाधी. गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं, असं सांगतात. १६३६ मध्ये मुघलांनी किल्ला घेतला, पुढे तो निजामाकडे गेला.

मग आलं १७६० साल. फेब्रुवारीत उदगीर ते औसा या पट्ट्यात सदाशिवरावभाऊ पेशव्यांनी निजामाची कोंडी केली आणि त्याला हरवलं. तहात दौलताबाद, बऱ्हाणपूर आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळाला. भाऊंचं वय? फक्त २९! आपल्यापैकी कितीतरी जणांएवढं.

तिकडे दिल्लीजवळ अब्दालीशी लढताना दत्ताजी शिंदे पडले होते. उत्तरेत कोणाला पाठवायचं? उदगीर जिंकणाऱ्या भाऊंनाच. उदगीरचे तोफखानावाले इब्राहिमखान गारदीही सोबत गेले. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ला, पानिपत झालं. दोघंही परत आले नाहीत.

भाऊंच्या मृतदेहाबद्दल शंका राहिली. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलंच नाही. आणि मग "मीच भाऊ" म्हणणारा एक माणूस आला! त्याला कैदेत टाकलं, तरी १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात किल्ले घेतले, हजारो लोक मागे गेले. शेवटी त्याला पकडून पुण्यात मारलं. इतिहासात तो 'भाऊसाहेबांचा तोतया' म्हणून ओळखला जातो.

विचार करा, लोक १५ वर्षांनंतरही विश्वास का ठेवतात? कारण पानिपतावर गेलेल्या हजारो पोरांचं घरच्यांना शेवटचं तोंडही दिसलं नाही. भाऊ परतू शकतात, तर आपलाही परतेल ना?

मला वाटतं, भुताच्या गोष्टी अशाच जन्मतात. भीतीतून कमी, वाट बघण्यातून जास्त.

म्हणून उदगीरला गेलात तर किंचाळणारं रील बनवू नका. बुरुजावर दोन मिनिटं गप्प उभे राहा. तिथून निघालेली माणसं आठवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!