गुलाल आणि वही

भाषण नाही, वर्षाचा हिशेब मांडतो. मी जोतिबाच्या डोंगराखाली वाढलो. दर चैत्र पौर्णिमेला बाप व्याजानं पैसे काढायचा. गुलाल, खोबरं, पाहुण्यांचं जेवण. गुलाल आठ दिवसांत धुऊन जायचा. व्याज वर्षभर अंगावर.

शाहू महाराजांनी १९०२ साली याच कोल्हापुरात मागासांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. १९२० साली माणगावात बाबासाहेब बोलले. आमच्या घरची वही मात्र सावकारच लिहीत होता.

गेल्या चैत्रात मी म्हटलं, कर्ज नाही काढायचं. आई रडली, भावकी तुटली, बाप महिनाभर बोलला नाही. व्याजात जाणारा माझा पगार बहिणीच्या नर्सिंगच्या फीला लावला.

यंदा यात्रेच्या तोंडावर बापानंच विचारलं, "पोरीची पुढची फी किती रं?"

जुनं कर्ज अजून आहे. नवं नाही. वही आता बहीण लिहिते.

जय भीम!