कड नव्हे, घोटाई पाहा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जुन्नरचा कागद, दौलताबादजवळचा कागजीपुरा, तुघलकानं हलवलेली राजधानी, हे सारं तुम्हांला पाठ आहे, सोडून देतो. माझं भांडण कडेशी आहे.

हातकागद म्हटलं की हल्ली फाटल्यासारखी कड हवीच. ती येते कशी? जाळीच्या साच्यावर लाकडी चौकट बसवून तो लगद्यात बुडवतात. चौकटीखालच्या फटीत लगदा शिरतो, तिथं कागद विरळ होतो. युरोपात पुस्तक बांधणारे ती कड बहुधा छाटूनच टाकत. १७९९ साली फ्रान्समध्ये रॉबेर नावाच्या माणसानं कागदयंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रामुळं सरळ कड स्वस्त झाली, आणि वाकडी महागली! १८९९ मध्ये व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं या शौकाची टरही उडवली.

माझे एक छापखानेवाले स्नेही आहेत. गिरणीचा जाड कागद घेतात, पोलादी पट्टी ठेवून ओला कुंचला फिरवतात आणि टर्रकन फाडतात. वधूपिता कडेवरून अंगठा फिरवून म्हणतो, "अस्सल!" एकदा वरपक्षाचे लोक तावातावानं आले : मुलीकडच्यांची पत्रिका आमच्यापेक्षा जास्त फाटलेली का? (हशा) मग त्यांचीही पुन्हा फाडावी लागली. मुलीकडच्यांना हे कळलं, आणि... असो, मुहूर्ताआधी थांबले.

आपल्याकडचा साचा वेगळा. लाकडी चौकटीवर गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी बांधलेली छापरी, चटईसारखी गुंडाळता येणारी. दोन बाजूंना नुसत्या सुट्या पट्ट्या. ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ द्यायची, मग गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं. कडा कातरीनं सरळ करायच्या. का? मोडी लिहायची होती म्हणून! बोरू न उचलता ओळ धावते. न घोटलेल्या कागदावर त्याचं टोक तंतूंत अडकेल, खळ नसली तर शाई फुटेल. मजकूर लांबला की तावाला ताव चिकटवायचा, मागं जोडावर शिक्का. विरळ, वेड्यावाकड्या कडेवर तो जोड धरेल? कारकुनानं कागद तोंडावर फेकला असता.

(श्रोत्यांतून : मग पुण्याचा हातकागद खोटा का?)

खोटा कोण म्हणालं? गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली तिथं संस्था निघाली, चिंध्यांपासून उत्तम कागद केला. माझा राग कडेवर आहे, पुण्यावर नाही. (हशा) पुण्यावर बोलायला वेगळं व्याख्यान ठेवा.

चिठ्ठी आलीय. दोनच मिनिटं? बरं, मेणकागदाचा भाग गेला. एवढंच सांगतो : जुना कागद उजेडाकडे धरा, काड्यांच्या बारीक रेघा दिसतील. मग तिरपा धरा, घोटलेल्या पाठीवर चमक येईल. कुणाच्या घरी पणजोबांचे मोडी कागद असतील तर उद्या सकाळी वाचनालयात आणा, मी बसलेला आहे. फक्त लॅमिनेशन करून आणू नका. (हशा)